हॅचरीतला सॅमन नदीचा होतो का?

१९९२ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील रेडफिश तलावात समुद्रातून परत आलेला सॉकाय जातीचा सॅमन मासा एकच होता, आणि तो नर होता. विणीच्या काळात लालभडक होणाऱ्या याच माशांवरून तलावाला ‘रेडफिश’ हे नाव पडले. पूर्वी हजारोंनी येणाऱ्या माशांपैकी त्या वर्षी पोहोचलेल्या या एकट्याला लोकांनी ‘लोन्सम लॅरी’, म्हणजे एकटा पडलेला लॅरी, म्हणायला सुरुवात केली. त्याच्यासाठी मादीच नव्हती, म्हणून संशोधकांनी त्याचे वीर्य गोठवून ठेवले आणि पुढे ते कृत्रिम प्रजननात वापरले. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून या तलावाकडे परतलेले सॉकाय अवघे सोळा होते. आज तिथे समुद्रातून परतणारे जे सॉकाय दिसतात, ते मुख्यतः त्या मूठभर माशांचे आणि त्यांच्या तलावात सापडलेल्या भाईबंदांचे वंशज आहेत, आणि मधल्या काळात हॅचरी, म्हणजे अंडी उबवून माशांची पिल्ले वाढवणारे केंद्र, नसती तर ही शाखा संपली असती, याविषयी फारसा वाद नाही.

एवढे ऐकल्यावर हॅचरी हाच सॅमन वाचवण्याचा मार्ग आहे असे कोणालाही वाटेल. पण रेडफिश तलाव ज्या खोऱ्यात येतो, त्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यात हॅचरी १८७७ पासून आहेत, त्यांतून दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडली जातात, आणि तरीही नदीत जन्मून नदीतच वीण करणारा नैसर्गिक सॅमन घटतच गेला. ज्या साधनाने एक शाखा मरणाच्या दारातून परत आणली, त्याच साधनाने इतरत्र नैसर्गिक माशांचे नुकसान केल्याचे पुरावेही आहेत. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, हे समजण्यासाठी आधी हा मासा समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे बाजारात रावस ‘इंडियन सॅमन’ या नावाने विकला जातो, त्यामुळे एक खुलासा करणे बरे. रावसाचा सॅमनशी काही संबंध नाही. तो किनाऱ्याजवळचा आणि खाड्यांमधला, वेगळ्याच कुळातला मासा आहे. सॅमनचे सगळे आयुष्य एका लांबलचक येण्याजाण्यावर बेतलेले असते. अंडी थंड, वाहत्या, गोड्या पाण्याच्या तळाशी वाळू-गोट्यांत घातली जातात. पिल्ले काही काळ नदीत किंवा तलावात वाढतात. मग त्यांच्या शरीरात खारे पाणी सोसण्यासाठी बदल होतात आणि ती प्रवाहाबरोबर समुद्रात जातात. एक ते तीन वर्षे समुद्रात खाऊन मोठे झालेले मासे वासाच्या आठवणीवर आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततात, वाटेत काही खात नाहीत, वीण करतात आणि मरतात. रेडफिश तलावाचा सॉकाय प्रशांत महासागरापासून सुमारे १,४५० किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई ते दिल्ली एवढे अंतर, प्रवाहाच्या विरुद्ध कापतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर, येऊन पोहोचतो. या वाटेवर आज आठ मोठी धरणे आहेत: चार कोलंबिया नदीवर, चार तिची उपनदी असलेल्या स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यात. शेवटचे, लोअर ग्रॅनाइट, १९७५ मध्ये पूर्ण झाले.

दोष केवळ या आठ धरणांचा नाही. १९१० मध्ये बांधलेल्या सनबीम धरणाने हाच मार्ग दोन दशकांहून अधिक काळ अडवला होता, आणि १९३४ मध्ये त्याचा काही भाग फोडल्यावर तो मोकळा झाला. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत तर राज्याच्या मत्स्य खात्यानेच शेजारच्या काही तलावांत विष घालून तिथले मासे मारले, कारण गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना तिथे ट्राउट हवा होता. याच राज्याचे मत्स्य खाते आज सॉकाय जगवण्याच्या कामात पुढे आहे, ही गोष्ट माणसांच्या बाजूने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आता हॅचरीकडे येऊ. महाराष्ट्रातील मत्स्यबीज केंद्रांत मत्स्यजिरे आणि बोटुकली तयार होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातला बराचसा भाग ओळखीचा वाटेल. परत आलेले मासे शिडीसारख्या जलमार्गाने केंद्रात घेतले जातात, मादीची अंडी काढून त्यांत नराचे वीर्य मिसळले जाते, फलित अंडी थंड वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली जातात, बाहेर आलेली पिल्ले सिमेंटच्या लांब हौदांत गोळीखाद्यावर वाढवली जातात आणि समुद्राकडे निघण्याच्या वयात नदीत सोडली जातात. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर हे काम १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवर सुरू केले. त्या काळातील अमेरिकी मत्स्य आयोगाचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांचे मत असे होते की मासेमारीवर निर्बंध घालण्याच्या खटाटोपापेक्षा कृत्रिम प्रजननाने मासे वाढवणे अधिक सोपे आणि उपयोगी ठरेल. पुढच्या शतकभराचे धोरण या एका विचारातून निघाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नदी अडवायची असली की खाली एक हॅचरी बांधून नुकसान भरून निघाले असे मानण्याची सवय लागली. १९४० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाला माशांसाठी शिडीसुद्धा ठेवली गेली नाही.

हॅचरीचे आकर्षण तिच्या हिशोबात आहे. एक सॉकाय मादी अडीच-तीन हजार अंडी घालते. नदीत त्यांतली बहुतेक पुरात वाहून जातात, गाळाखाली गुदमरतात किंवा खाल्ली जातात. पिढी टिकून राहण्यासाठी एका जोडप्यामागे दोनच प्रौढ मासे परत आले तरी पुरते. हॅचरीत मात्र दहांतील आठ अंड्यांपासून सोडण्याजोगी पिल्ले मिळवणे अवघड नसते. त्यामुळे ज्या टप्प्यावर निसर्गात सर्वाधिक मृत्यू होतात, तोच टप्पा हॅचरी जवळजवळ बिनधोक करून टाकते.

अडचण नेमकी इथेच सुरू होते, कारण नदीतले ते मृत्यू सगळेच आंधळे नसतात. कोणते पिल्लू जगेल हे काही अंशी त्याच्या अंगच्या गुणांवर ठरते, आणि ते गुण पुढच्या पिढीत जातात. हौदातले जगणे वेगळे गुण मागते. वरून सावली पडली की खाद्य येणार, हे हौदातले पिल्लू लवकर शिकते आणि पृष्ठभागाकडे धावते. नदीत वरून पडणारी सावली बहुधा बगळ्याची असते. हे झाले शिकण्याबद्दल, पण गर्दीत शांत राहणारे, आयते खाद्य झपाट्याने पचवून भराभर वाढणारे पिल्लू हौदात जन्मतःच फायद्यात असते. वीण करतानाही नदीत मादी जागा निवडते, नर आपापसांत झुंजतात, आणि या सगळ्यातून जोड्या ठरतात. हॅचरीत जोडी बादलीत ठरते. गाय-बैल, कोंबड्या माणसाळल्या तशाच प्रक्रियेने सॅमन माणसाळतो, फक्त इथे आपला तसा हेतू नसतो.

हे माणसाळणे किती वेगाने होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ओरेगन राज्यातील हूड नदीने दिले. तिथे स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट, हा सॅमनचा अगदी जवळचा नातलग येतो. नदीवरच्या पॉवरडेल धरणापाशी वर जाणारा जवळपास प्रत्येक मासा हाताळला जाई आणि त्याचा खवला नमुना म्हणून घेतला जाई. या खवल्यांतील डीएनएवरून ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी माशांच्या पिढ्यांची वंशावळ मांडली. कोणाची किती पिल्ले प्रौढ होऊन परत आली, हे थेट मोजता आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की बंदिवासात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतील प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. २०१२ मध्ये त्याच गटाने आणखी विचार करायला लावणारी गोष्ट दाखवली: ज्या माशांची पिल्ले हॅचरीत सर्वाधिक यशस्वी ठरली, त्यांचीच संतती नदीत सर्वांत कमी यशस्वी ठरली. २०१६ च्या अभ्यासात नदीतल्या माशांची पिल्ले आणि पहिल्याच पिढीच्या हॅचरी माशांची पिल्ले एकसारख्या परिस्थितीत वाढवून तपासली, तेव्हा ७२३ जनुकांच्या कामात फरक आढळला. त्यांत जखम भरणे, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी संबंधित जनुके पुष्कळ होती, आणि त्यावरून संशोधकांचा संशय हौदांतील गर्दीकडे वळला.

मात्र हूड नदीचे आकडे सगळीकडे लावता येत नाहीत, आणि हॅचरीचे कडवे विरोधक हे सांगायचे बहुधा टाळतात. आयडाहोतील जॉन्सन क्रीक या ओढ्यात नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीने चिनूक जातीच्या सॅमनसाठी हॅचरी चालवली, पण एक नियम काटेकोरपणे पाळला: प्रजननासाठी घ्यायचे मासे फक्त नदीत जन्मलेले असतील, हॅचरीत जन्मलेले कधीही नाहीत. म्हणजे प्रत्येक मासा फार तर एक पिढी हौदात काढतो आणि त्याची संतती पुन्हा नदीच्या परीक्षेला बसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात या हॅचरी माशांची नदीतील प्रजननक्षमता नैसर्गिक माशांपेक्षा लक्षणीय कमी असल्याचे दिसले नाही. त्याच अभ्यासातील दुसरे दोन आकडे मला अधिक बोलके वाटतात. हॅचरीत घेतलेल्या माशांना नदीत राहिलेल्या माशांच्या तुलनेत सरासरी ४.७ पट प्रौढ मुले झाली, पण नातवंडे मात्र १.३ पटच. हॅचरीने दिलेली उसळी पहिल्या पिढीत डोळ्यांत भरते. दुसऱ्या पिढीत नदी आपल्या कुवतीएवढेच मासे ठेवून घेते.

चिनूक आणि स्टीलहेड यांच्यातील फरक, हौदात काढलेला काळ आणि प्रजननाचे मासे निवडण्याची पद्धत, अशा अनेक गोष्टींवर परिणाम अवलंबून असतो. म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या पुढाकाराने २००० साली स्थापन झालेल्या शास्त्रीय परीक्षण गटाने वॉशिंग्टन राज्यातील आणि पुढे कोलंबिया खोऱ्यातील हॅचरींसाठी दोन साधे आकडे पाहायला सुचवले. एक, नदीत वीण करणाऱ्या माशांपैकी हॅचरीत जन्मलेले किती टक्के आहेत. दुसरा, हॅचरीत प्रजननासाठी वापरलेल्या माशांपैकी नदीत जन्मलेले किती टक्के आहेत. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल, तर माशांना घडवण्याचे काम मुख्यतः नदी करते. उलट असेल, तर हौद करतो. ज्या हॅचरींचे मासे केवळ पकडण्यासाठी वेगळे वाढवले जातात, त्यांचे प्रमाण महत्त्वाच्या नैसर्गिक माशांच्या विणीच्या जागी वीण करणाऱ्या एकूण माशांत पाच टक्क्यांहून कमी असावे, अशी या गटाची शिफारस आहे. हे ओळखण्यासाठी हॅचरीतील पिल्लांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून टाकतात. गळ टाकणाऱ्याने पर नसलेला मासा घरी न्यावा आणि पर असलेला पाण्यात परत सोडावा, अशी बहुतेक ठिकाणी व्यवस्था असते.

एका नदीचे बीज दुसऱ्या नदीत नेण्याचा प्रश्न आणखी वेगळा, आणि तो आपल्याही ओळखीचा आहे. पूर्वीच्या हॅचरी सॅमनची अंडी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात बिनदिक्कत पाठवत. प्रत्येक नदीतला सॅमन तिथले तापमान, अंतर आणि पुराचे दिवस यांच्याशी हजारो वर्षांत जुळलेला असतो, ही समज तेव्हा नव्हती. आपल्याकडे लोणावळ्यात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास महसीर माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि टाटांच्या वळवण येथील केंद्रातून निळसर परांच्या दख्खनी महसीराची बोटुकली देशातील अनेक जलाशयांत गेली. हे काम संवर्धनाच्याच हेतूने झाले, आणि त्या काळाच्या मानाने ते मोठे होते. परंतु ही बोटुकली कावेरी नदीतही सोडली गेली, जिथे नारिंगी परांचा, पाठीवर कुबड असलेला स्वतंत्र महसीर होता. पुढच्या दशकांत कावेरीत निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कुबडवाला दुर्मीळ होत गेला. २०१८ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त म्हणून झाला. त्याच्या ऱ्हासात धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही वाटा आहे, पण चुकीच्या नदीत सोडलेले मत्स्यबीज हे त्यांतले एक कारण संशोधक आवर्जून सांगतात.

रेडफिश तलावाच्या कार्यक्रमात ही चूक होण्याची शक्यता नव्हती, कारण मुळात तिथलेच मासे वापरायचे ठरले होते. शोशोन-बॅनॉक जमातींनी १९९० मध्ये अर्ज केल्यानंतर १९९१ च्या नोव्हेंबरात या सॉकायला कायद्याने संकटग्रस्त ठरवले गेले. त्यानंतर परतलेला जवळजवळ प्रत्येक मासा ताब्यात घेतला गेला. कोणत्या मादीचा कोणत्या नराशी संकर करायचा हे डीएनए पाहून ठरवले जाई, म्हणजे जवळच्या नात्यातील जोड्या टळतात आणि सोळा माशांपुरते उरलेले वैविध्य आणखी आटत नाही. आयडाहोतील ईगल येथे आणि दूर वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर असे वेगवेगळ्या ठिकाणी मासे ठेवले गेले, कारण एका केंद्रातला पंप बंद पडला किंवा रोग आला तर सगळेच संपायला नको. आपल्याकडचा शेतकरी बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे. या मेहनतीचे फळ दिसले: २००० साली २५७ मासे परतले, आणि २०१० साली १,३५५.

त्यानंतर कार्यक्रम मोठा करायचे ठरले. स्प्रिंगफील्ड येथे २०१३ मध्ये वर्षाला दहा लाख पिल्ले वाढवू शकणारी नवी हॅचरी सुरू झाली, पण तिथली पिल्ले सोडल्यावर समुद्राकडे जाताना सुरुवातीच्या टप्प्यातच मोठ्या प्रमाणात मरू लागली. कारण सापडायला काही वर्षे लागली, आणि सापडले ते फारच साधे निघाले: पाणी. स्प्रिंगफील्डचे पाणी जड होते, म्हणजे त्यात कॅल्शियमसारखे क्षार भरपूर होते, आणि रेडफिश तलावातून निघणाऱ्या ओढ्याचे पाणी अगदी हलके. बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. माशाला तर त्याच पाण्यातून कल्ल्यांवाटे शरीरातील क्षारांचा तोल सांभाळायचा असतो. जड पाण्यात वर्षभर वाढलेल्या आणि नेमक्या समुद्रासाठी शरीर बदलू लागलेल्या पिल्लाला एकदम हलक्या पाण्यात सोडल्याचा धक्का सोसत नव्हता. मग पिल्लांना सोडण्यापूर्वी काही काळ मध्यम जडपणाच्या पाण्यात ठेवले जाऊ लागले आणि मृत्यू घटले. कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेल्या केंद्राचे गणित पाण्याच्या जडपणावर अडावे, हे वाचून आपल्याकडच्या अनेक सरकारी योजना आठवतात.

पाण्याच्या जडपणावर उपाय मिळाला. नदीच्या तापमानावर हॅचरीपाशी उपाय नाही. २०१५ च्या जून-जुलैत कोलंबिया आणि स्नेक नद्यांचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले. धरणांच्या साचलेल्या जलाशयांतून मजल दरमजल जाणाऱ्या सॉकायसाठी ही मर्यादा ओलांडणे म्हणजे रोग आणि थकव्याने मरणे. समुद्रातून कोलंबियात शिरलेल्या स्नेक नदीच्या सॉकायपैकी सुमारे ९९ टक्के मासे रेडफिश तलाव ज्या सॉटूथच्या दरीत आहे, तिथे पोहोचण्यापूर्वीच मेले. काही मासे लोअर ग्रॅनाइट धरणापाशी पकडून थंड पाण्याच्या टाक्यांत घालून ट्रकने पुढे नेण्यात आले. ज्या माशाने १,४५० किलोमीटर पोहून येण्यासाठीच सगळे शरीर कमावले, त्याला शेवटचा टप्पा ट्रकमधून पार करावा लागला.

म्हणूनच स्नेक नदीवरची खालची चार धरणे काढावीत की नाही, हा वाद हॅचरीच्या प्रत्येक चर्चेत शेवटी येतोच. त्यात वीज, सिंचन आणि गव्हाची जलवाहतूक असे खरे हितसंबंध गुंतलेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने चार जमाती आणि दोन राज्यांशी नदीच्या पुनरुज्जीवनाचा करार केला होता. जून २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने त्यातून माघार घेतली. या जमातींकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १८५५ च्या तहांत त्यांनी प्रचंड जमीन सोडताना आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला होता, आणि मासेच नसतील तर तो हक्क कागदावरच राहतो. हॅचरी बंद करून नैसर्गिक सॅमन आपोआप सावरण्याची वाट पाहा, असे त्यांना सांगणे मला न्यायाचे वाटत नाही, कारण नदी अडवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. त्याच वेळी, मासे पकडण्यासाठीची हॅचरी आणि नैसर्गिक माशांना सावरण्यासाठीची हॅचरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचे यश दुसरीच्या खात्यात मांडणे चूक आहे.

सॉकायच्या बाबतीत तरी ही गल्लत होऊ नये याची सोय सरकारी आराखड्यात आहे. सॉकायला संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यासाठी रेडफिश तलावात १,०००, अल्टुरस तलावात १,००० आणि पेटिट तलावात ५०० प्रौढ मासे नियमितपणे परत यायला हवेत, आणि या मोजणीत फक्त निसर्गात जन्मलेला मासा धरला जातो. हॅचरीच्या ट्रेमध्ये जन्मलेला मासा समुद्र पाहून, आठही धरणे ओलांडून तलावात पोहोचला, तरी तो स्वतः त्या हिशोबात येत नाही; त्याची तलावात जन्मलेली पिल्ले परतली, तर ती येतात.